औषध कोणाच्या हातचं

माझी नात गेम बनवते. पर्वरीत एक लहानशी कंपनी आहे, तिथली नोकरी. पण काम बहुतेक घरूनच चालतं, आमच्या डिचोलीच्या घराच्या पुढच्या खोलीत, उजेड यावा म्हणून जनेलापाशी मांडलेल्या मेजावर. मी सकाळी चहा आणि उंडो पाव तिच्या शेजारी ठेवायचो आणि आवाज न करता बाहेर यायचो. गेम म्हणजे गोळ्या झाडणं आणि गाड्या पळवणं, त्यात माझं काय काम, अशी माझी समजूत होती.

यंदा पावसाळा सरल्यावर एका सकाळी तिने मला थांबवलं.

"आजो, बस जरा. तुमच्या पेडण्याच्या घरात पूर्वी औषध द्यायचे ना?"

"द्यायचे. का?"

"हे बघ आधी."

मी चष्मा बदलून वाकलो. स्क्रीनवर एक नदी होती. नदीला मातीचा बांध, बांधात भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर सोडणारी मानस, अलीकडे भाताची शेतं, चार झोपड्या, थोडे माड. आमोण्याला नदीच्या अंगाला उभं राहिलं की जसं दिसतं तसंच. आणि त्यात बोटाच्या पेराएवढी माणसं. एक बाई विहिरीवरून पाणी आणत होती. एकजण बांधावर माती टाकता टाकता थांबला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, पुन्हा कामाला लागला.

"हे सगळं तू हलवतेस?"

"नाही रे. मी फक्त कामं नेमून देते. बाकी ती आपली आपण जगतात. भूक लागली की जेवतात, दमली की निजतात. ही बाई आहे ना, तिला तो सुतार आवडत नाही. त्याच्या शेजारी जेवायला बसत नाही."

तिने त्या बाईवर बाण नेला, तशी बाजूला एक पाटी उघडली. शेती, रांधप, हस्तकला, वैद्यकी, बुद्धी, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. दुसऱ्या माणसावर नेला, आकडे दुसरे. मी तोंडात बोट घालून बसलो. जिला मी पाटीवर श्री काढायला शिकवला, तिने एक गाव वसवलं होतं, आणि कोणाच्या हातात काय आहे आणि काय नाही हेसुद्धा ठरवून टाकलं होतं. हे काम मी आजवर देवाकडे सोपवलं होतं.

अडचण अशी होती. कोणाला जखम झाली, ताप आला, तर औषध लागतं. औषध आधी कोणीतरी बनवावं लागतं. ते कोणी चांगलं बनवावं आणि कोणी वाईट, हे कुठल्या आकड्यावर ठरवायचं? तिने वैद्यकीवर ठेवलं होतं. त्यामुळे गावातला एकुलता एक वैद्य दिवसभर पाट्यावर पाला वाटत बसायचा आणि आजारी माणूस झोपडीत तळमळत राहायचा. गेम खेळून बघणारी मंडळी वैतागली होती.

"मग रांधपावर ठेव," मी म्हटलं. "वाटणं, कढवणं हे रांधपच की."

"ठेवलं होतं. रांधपीण औषध करत बसली आणि अख्खा गाव उपाशी. शिवाय एकाने लिहून पाठवलं, आमची आई माशाचं हुमण फार चांगलं करते, म्हणून तिच्या हातचं इंजेक्शन घेऊ काय?"

आम्ही दोघेही हसलो. मग ती सहज म्हणाली, "खरं तर मयेच्या आजीला विचारणार होते. तिला येत होतं ना? पण ती औषधाच्या बाबतीत कुचकी आहे म्हणे. शेजारणीला दिलं नाही, तळमळत ठेवलं."

मयेची आजी म्हणजे माझी थोरली बहीण.

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे."

चहा तिथेच ठेवून मी उठलो. ही गोष्ट मये गावात सांगतात हे मला ठाऊक होतं. ती माझ्याच घरात, माझ्याच नातीच्या तोंडी येऊन बसली आहे हे ठाऊक नव्हतं. ती खोटी आहे. आणि ती माझ्यापासून सुरू झाली. माझी बहीण अजून आहे, कानांनी अधू पण बाकी धड, आणि ती असतानाच हे लिहून मोकळं व्हायचं आहे.

आमच्या पेडण्याच्या घरात नागिणीचं औषध होतं. नागीण म्हणजे अंगावर एका बाजूने पट्ट्यासारखे फोड उठतात आणि निखारा ठेवल्यासारखी आग होते. त्यावर एका पाल्याचा लेप. हे औषध द्यायची एक रीत होती. पाल्याचं नाव एका वेळी एकाच माणसाकडे. त्याने ते दुसऱ्याच्या कानात सांगितलं की औषध त्या दुसऱ्याचं झालं. सांगणाऱ्याने पुन्हा त्या पाल्याला हात लावायचा नाही, लावला तरी गुण येणार नाही. वडिलांचे हात कापू लागले तेव्हा त्यांनी ते बायच्या कानात सांगितलं. बाय म्हणजे ही बहीण. मी शाळेत होतो आणि माझं लक्ष फुटबॉलमध्ये होतं. ती मात्र लहानपणापासून वडिलांच्या मागे पाला काढायला जायची.

तिने मग काय काय केलं ते मी पाहिलेलं आहे, आणि आता या वयात आठवून थक्क होतो. त्या वेळी झालो नाही. सकाळी ती कोणाशी न बोलता निघायची. झुडपाच्या मुळाशी तांदळाचे दाणे ठेवायची आणि थोडा वेळ उभी राहायची. पाला एका झुडपाचा सगळा कधी घेतला नाही. इथून थोडा, तिथून थोडा. घरी आली की आधी माणसाकडे जायची, पाट्याकडे नाही. फोड बघायची, मग डोळे, मग जीभ. रात्री झोप लागली का, ताप आहे का, घरात कोणाशी बिनसलंय का, हेही विचारायची. फोड डोळ्याजवळ असले तर पाल्याला हातच लावायची नाही. "ह्याका माझां औषध नाय. दवाखान्यात जा, आत्ताच जा," म्हणायची आणि ते जाईपर्यंत दारात उभी राहायची.

मग पाटा. पाला, तांबडी काव आणि तांदळाचं धुवण. बघायला तीन वस्तू, पण तिचा लेप दोनदा सारखा झालेला मी पाहिला नाही. म्हाताऱ्याची कातडी पातळ म्हणून त्याला पातळ. उन्हात राबणाऱ्या गड्याला दाट. ती वाटताना बोटांनी चाचपायची नाही, कानाने ऐकायची. पाट्यावरचा आवाज बदलला की हात थांबवायची. मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून सुकेपर्यंत वाट बघायची. लेप लावायचा तो कोंबड्याच्या पिसाने. माणूस आधी अंग चोरायचा. मग त्याचे खांदे खाली यायचे. ते खांदे खाली येणं मला अजून दिसतं. औषधाचे पैसे नसायचे, आणि उपकार झाले असंही कोणी म्हणायचं नाही. तीही रीतच.

तिचं लग्न होऊन ती मयेला गेली आणि औषध तिच्याबरोबर गेलं. आमच्या चुलत्यांना ते लागलं. "घराण्याचं औषध आंदणात गेलं," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि मी तिथे असलो की जरा मोठ्याने. मी तोवर डिचोलीला खाणीच्या ऑफिसात कारकून झालो होतो, पगार होता, मिशा होत्या. मला वाटू लागलं की औषध घराच्या मुलाकडे असायला हवं.

भाऊबीजेला मी मयेला गेलो. बायने पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि तबक पुढे धरलं. भावाने त्या वेळी ताटात काही घालायचं असतं. मी म्हणालो, "बाय, औषध माका दी."

निरांजन तिच्या हातात होतं. ती म्हणाली, "बाबू, तुका ता होया कशाक?"

"घरात रवाक होया."

"तू सकाळी ऑफिसात वयतस. लोक येतले, तेंका कोण बघतलो?"

"मी बघतलंय."

तिने तबक खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला परसात नेलं, पूर्वेकडे तोंड करून उभं केलं आणि पाल्याचं नाव कानात सांगितलं. माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाली, "माझां गेलां. आता तुझां." ती रडली नाही, रागावलीही नाही. भावाने मागितलं आणि तिने दिलं, एवढंच. भाऊबीजेला ओवाळून घेऊन वर बहिणीच्याच ताटातून उचलणारा माणूस आमच्या गावात दुसरा झाला नसेल.

माझ्याकडे पहिला आला तो खाणीवरचा ट्रकवाला, सावंतवाडीकडचा. मी पाला आणला. नाव ठाऊक होतं, झुडूप ठाऊक होतं, कृती पाहिलेली होती. वाटला, लावला. सुकता सुकता त्या लेपाला भेगा पडल्या आणि त्याने कातडी ओढून धरली. तो गडी ओरडला. दुसऱ्या वेळी पातळ केला, तो ओघळून गेला. त्यानंतर कोणी आलं की मी म्हणायचो, या दिवसांत पाला मिळत नाही. पुढे तेवढंही नाही. मी घरात नाही असं आतून सांगायला लावायचो. बाय मात्र तिच्या दारी येणाऱ्या प्रत्येकाला माझा पत्ता देत राहिली. "आता माझ्या भावाकडे असा. तो देता." अभिमानाने सांगायची, असं नंतर ऐकलं.

अशातच तिच्या शेजारणीला नागीण उठली. दोघींच्या घरांमध्ये मेर, म्हणजे हद्दीचा बांध, आणि मेरेवर एक फणस. त्यावरून नुकतीच बोलाचाली झाली होती. तरी ती बिचारी बायकडे आली. बायने तिला माझ्याकडे धाडलं. ती नवऱ्याला घेऊन डिचोलीला आली, आणि मी नेमका दारातच सापडलो.

"मामा, तुमच्याकडे औषध आहे म्हणे." बायच्या मुलांचा मामा म्हणून अख्खा वाडा मला मामा म्हणायचा.

तिने पदर अंगापासून वेगळा धरला होता, कापडाचा स्पर्शही सोसत नव्हता. मला सांगता आलं असतं: आहे, पण मला जमत नाही, तुम्ही दवाखान्यात जा. तेवढं तोंडातून निघेना. घराण्याचं औषध मागून घेतलेला मुलगा ना मी. मी म्हणालो, "माझ्याकडे कुठलं? बायलाच येतं. ती देत नसेल तर तिच्या मनात नसेल."

तिचा नवरा म्हणाला, "म्हणजे फणसाचं उट्टं काढलं तिने."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

फोड गेले, ते जायचेच होते. पण आग त्या जागी राहिली. काही जणांच्या बाबतीत ती राहते, लेपाने ती टळली असती असं कोणी सांगू शकणार नाही, असं एका डॉक्टरांनी मला पुढे समजावलं. शेजारणीला मात्र ते असंच कळलं की बायने औषध असून दिलं नाही. तिने गावात सांगितलं, आणि तिने सांगितलं ते तिच्या समजुतीप्रमाणे खरंच होतं. बाय कुचकी ठरली. हे माझ्या कानावर येत होतं आणि मी ऑफिसला जात होतो.

यातलं बरंचसं मी त्या दिवशी दुपारी नातीला सांगितलं. ती खुर्चीवर पाय घेऊन ऐकत होती. स्क्रीनवर तिचा गाव आपला चाललेला.

ती पहिलं बोलली ते माझ्या गुन्ह्याबद्दल नव्हतं. "थांब हां. शिकवलं की शिकवणाऱ्याचं जातं? शून्य होतं?"

"आमच्याकडे तशी रीत."

"आणि शिकणाऱ्याला किती मिळतं?"

"मला नाव मिळालं."

"म्हणजे बुद्धी मिळाली. हस्तकला शून्य." ती गंभीरपणे म्हणाली, खरोखर पाटी भरत असल्यासारखी. "आजो, तू म्हणजे मोठा बग आहेस, चालत्या गेममधली चूक."

मी म्हटलं, "बायच्या पाटीवर काय लिहिशील?"

ती विचार करत राहिली. झाड ओळखायला शेती. वाटायला रांधप, का हस्तकला. द्यायचं की नाही ते ठरवायला वैद्यकी. मग तिने विचारलं, "हातगुण म्हणतात तो कशात धरायचा?"

बायने आधी माणूस बघितला नसता तर तिचं वाटणं चुकलं असतं, हे मला दिसत होतं. आणि वाटताना तिला आवाज ऐकू आला नसता तर बघण्याचाही उपयोग नव्हता. मी म्हणालो, "बनवणं तिच्या बोटांत होतं, ते हस्तकलेत घाल. पण ते कधी थांबवायचं आणि कोणाला द्यायचंच नाही, ते डोळ्यांत होतं. ते वैद्यकीत. नाव ठाऊक असण्याचे गुण कोणाला देऊ नकोस."

तिने ते टिपून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत दे ना तिला."

"काय?"

"औषध. तुझ्याकडून तिच्या कानात. परत देता येतं की नाही?"

हे मला आजवर सुचलंच नव्हतं. आमच्या घराण्यात औषध खाली आलं होतं, वर कधी गेलं नव्हतं. गेलं तर चालतं का, हे सांगणारंही आता कोणी नव्हतं. तिच्या पिढीला जे नियम बनवायची सवय आहे, ते तोडायचं धाडसही तिच्याकडेच असणार.

पुढच्या रविवारी तिने मला गाडीत घातलं. मयेला पोचलो तेव्हा बाय ओसरीवर बसून वाल सोलत होती. मी खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढली आणि बोलायला लागलो.

"मोठ्यान सांग रे. कान खंय असत माका?"

मग मोठ्याने सांगावं लागलं. ट्रकवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळं, आणि मेरेपलीकडे ऐकू जाईल इतकं. अर्ध्यावर पोचलो तेव्हा फणसाखाली शेजारीण येऊन उभी राहिल्याचं मला दिसलं. केस पांढरे झालेले, हातात खराटा. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सांगून झालं. बायने हातातली वालाची शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ती फणसावरून रागावली नव्हती?"

"नाय."

"मी दर वर्साक फणस धाडतंय. पयलो पिको फणस. ती परत धाडता. माका वाटलां, तिका कापो होयो असतलो."

मेरेपलीकडून आवाज आला, "कापा नको होता मला! मला वाटायचं, औषध नाही दिलं आणि वर फणस पाठवून डिवचतेस!"

"मगे फाटी कित्याक धाडलंस? गोरवांक तरी घालूंक होतो."

"गुरांना घातला असता तर तुला कळलं कसं असतं मी रागावलेय ते?"

माझी नात तोंडावर हात धरून वळली. मला हसू येत नव्हतं. शेजारीण खराटा टाकून मेर ओलांडून आली आणि अंगणात माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर."

"होय."

"मी हिच्या मुलाच्या लग्नाला गेले नाही."

बायने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता. चांगला, धडधडीत राग, मी तो मनापासून घेतला. "तुका येयना, ह्यां सांगूक लाज वाटली," ती म्हणाली. "माका विचारलां असतंस तर मी दाखवलां असतां. हात लावची नाय मी, पण बाजूक बसून सांगलां असतां. रीत हाताची आसा, तोंडाची नाय."

हेही मला कधी सुचलं नव्हतं.

मग नातीने माझ्या पाठीला बोट लावलं, आणि मी बायला विचारलं की परत घेशील का. तिने आपले हात उलटसुलट करून बघितले. बोटांची पेरं सुजलेली होती. "परत घेतलेलां चलता काय, म्हायत नाय," ती म्हणाली. "बापायन सांगूंक नाय." मग म्हणाली, "नाय म्हणूनय सांगूंक नाय. उठ."

तिला धरून परसात नेलं. पूर्वेकडे तोंड करून ती उभी राहिली. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं.

"आं?"

पुन्हा सांगितलं.

"ऐकूंक येयना रे. मोठ्यान!"

नाव एकाच माणसाने ऐकायचं, आणि हिला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मी मागे पाहिलं. शेजारीण आणि माझी नात परसाच्या दारात उभ्या होत्या. मी काही बोलण्याआधीच दोघींनी हात उचलले आणि आपापले कान घट्ट झाकले. एक सत्तरीची, दुसरी जीन्समधली. डोळेसुद्धा मिटून घेतले, जणू नाव डोळ्यांतूनही आत शिरेल. शेजारणीचा तर ओठ दाताखाली दाबलेला. ज्या बाईला त्या औषधापायी आयुष्यभराचं वैर करावं लागलं, ती त्याचं गुपित राखायला कान झाकून उभी होती. मी देवळांत खूप हात जोडलेत, पण त्या क्षणी जे वाटलं ते तिथे कधी वाटलं नाही.

मी ओरडलो. कावळे उडाले. बायने मान हलवली आणि ते नाव हळूच परत म्हणून दाखवलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होती. मग म्हणाली, "तुझां गेलां."

विहिरीवर जाऊन मी कोपरापर्यंत हात धुतले.

परत ओसरीवर आलो. बायच्या सुनेने चहाचे कोप आणून ठेवले. शेजारीण बसू की नको अशी उभी होती, मग बायशेजारी बसली. थोड्या वेळाने तिने स्वतःच सांगितलं की ती जागा अजून अधूनमधून जळते, विशेषतः थंडीच्या दिवसांत.

बायने कोप बाजूला ठेवला. "बघू."

शेजारणीने पाठ वळवली. बायने पदर बाजूला केला आणि वाकली. मी तिला असं बघताना शेवटचं पाहिलं त्याला जन्म लोटला होता, पण ते तसंच होतं: आधी कातडी, मग तिला वळवून डोळे, मग जीभ. झोप लागते का. घरात बरं चाललंय ना. नातीने मोबाईल बाहेर काढला होता, तो तिने खाली ठेवला. बायने सुजलेलं एक बोट त्या जागेवरून अलगद फिरवलं, हात मागे घेतला आणि सरळ बसली.

"ह्याका माझां औषध नाय," ती म्हणाली. "फोड असताना असता. आता हय फोड नाय, नुसती दुखणी रवलीसा. तेच्यार लेप घालून काय जावचां नाय. मोठ्या दवाखान्यात ह्याच्या गोळ्यो गावतत म्हणतत. उद्याच जा."

मी शेजारणीच्या तोंडाकडे बघत होतो. पुन्हा तोच दारातला नकार, पुन्हा त्याच बाईकडून, त्याच बाईला.

शेजारणीने पदर नीट घेतला. "बरं," ती म्हणाली. "सुनेला सांगते गाडीचं." आणि चहाचा कोप उचलला.